मुळाबरहुकूम

"मुळात असं नाहीये," असं म्हणताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उजव्या अंगठ्याचं नख कागदावरच्या एका ओळीखाली दाबून धरायच्या. समोरचा "हो, चुकलं" म्हणेपर्यंत ते नख तिथून हलायचं नाही. बहुतेक वेळा समोरचा मीच असायचो.

नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छापखाना आहे. औषधांची खोकी आणि खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं आम्ही छापतो. ती पत्रकं कोणी वाचत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. त्या वाचायच्या, कारण वाचणं हीच त्यांची नोकरी होती. डावीकडे कंपनीकडून आलेली मूळ प्रत, उजवीकडे मी कॉम्प्युटरवर जुळवलेलं प्रूफ, आणि दोन्हींवरून एकाच वेळी खाली सरकत जाणारी स्टीलची पट्टी. टेबल नेमकं एसीच्या तोंडाखाली होतं, त्यामुळे मे महिन्यातही त्या ड्रेसवर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायच्या. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

एकदा मशीन सुरू झाल्यावर त्यांना कसलीशी शंका आली. त्या उठल्या, मशीनपाशी गेल्या आणि छापून पडणाऱ्या कागदांच्या थप्पीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मशीनमननं मशीन थांबवलं. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतला दशांशाचा ठिपका उडाला होता. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. हाताला लागलेली शाई पुसत एवढंच म्हणाल्या, "कोणाच्या तरी आईला ही गोळी देणार असतात रे."

अशा बाईच्या पर्समध्ये भुताखेतांचं पुस्तक असेल असं मला तरी वाटलं नव्हतं. त्यांचा लेखक एकच. नाव सांगत नाही, पण तुम्हीही त्याला वाचलं असणार, आणि वाचलं नाही असं चारचौघांत सांगितलंही असणार. मुखपृष्ठावर कवटी नाहीतर वटवाघूळ, कागद पिवळा, आणि आत साधी, हळू चालणारी माणसं. त्याची सगळी पुस्तकं ताईंकडे होती आणि समासात पेन्सिलीनं प्रूफदुरुस्तीच्या खुणा केलेल्या होत्या. भुतांच्या गोष्टीतली काना-मात्रेची चूकही त्यांना खपत नसे.

त्या लेखकाच्या कथांवर मोबाइलवर मालिका सुरू झाली आणि आमची जेवणाची अर्धी सुट्टी तिच्यात जाऊ लागली. पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा करायचा आणि डबे खात बघायचं. एक भाग संपला की सगळे ताईंकडे वळायचे.

"मुळात असं नाहीये," त्या पोळीचा तुकडा मोडत सुरुवात करायच्या. "मुळात विहीर आहे. यांनी स्विमिंग पूल केलाय. पूलमध्ये कोण जीव देतं?"

मशीनमन पावणे गावातलाच, आगरी. त्याला हे पटायचं नाही. "ताई, पिच्चर हाय तो. भूत नाय दाखवला तर मानूस कशाला बघल?"

"अरे, त्यानं भूत कुठे दाखवलंच नाहीये. ओली पावलं दाखवली, बस. ती पण स्वयंपाकघरापर्यंतच."

"मंग पुढं?"

"पुढं काय, तुझं तू बघ."

मशीनमन हरल्यासारखा हसायचा आणि दुपारी मशीनवर काम करता करता मध्येच मला विचारायचा, "सैपाकघरातशी कुठं गेला असल रे तो?"

त्या नुसत्या चुका काढणाऱ्या नव्हत्या. एका भागात एक म्हातारा नट नळ बंद करतो आणि थेंबांचा आवाज थांबला तरी कान देऊन उभाच राहतो. तो प्रसंग त्यांनी दोनदा मागे घेऊन पाहिला. "हे मुळात नाहीये," त्या म्हणाल्या. "पण असायला हवं होतं." इतकी मोठी शाबासकी माझ्या कुठल्याच प्रूफाला मिळाली नाही.

मग त्याच लेखकाच्या एका कथेवर सिनेमा आला. आमचं एक मोठं काम वेळेत पार पडलं होतं म्हणून शेठनी शनिवारी दुपारी सगळ्यांना वाशीच्या मॉलमध्ये तो दाखवला. कथा मी तोवर वाचली नव्हती, ताईंकडून तोंडी ऐकली होती. दोन बहिणी एका घरात राहतात. धाकटी जाते. तेराव्यानंतर एका रात्री थोरलीला जाग येते, तर पलंगाची दुसरी बाजू दबलेली असते. ती ओरडत नाही. भिंतीकडे सरकते आणि तिला जागा करून देते. कथा तिथे संपते.

सिनेमा तिथे संपला नाही. त्यात एक मांत्रिक आला, लिंबं आली, वारा सुटला आणि धाकटी किंचाळत खिडकीबाहेर फेकली गेली. थोरलीनं सुटकेचा श्वास सोडला. थिएटरात टाळ्याही पडल्या.

आम्ही सरकत्या जिन्यावरून उतरत होतो. मशीनमन भांडणाची तयारी करून आला होता. "काय ताई, आज काय नाय बोलत?"

"डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या आणि रिक्षा करून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझं एक चुकीचं प्रूफ पास केलं. 'जेवणापूर्वी'च्या जागी मी 'जेवणानंतर' केलं होतं. चूक मलाच दिसली, म्हणून निभावलं. कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, पट्टी बाजूला ठेवली आणि मी काही न विचारता सांगू लागल्या.

त्यांना एक धाकटी बहीण होती. नेरूळच्या शाळेत शिकवायची. दोघींनी लग्न केलं नव्हतं, वडिलांनी तिथेच घेतलेल्या फ्लॅटमध्ये दोघी राहायच्या. मी नोकरीला लागलो त्याच्या आदल्या वर्षी ती कॅन्सरनं गेली. शेवटचे दोन महिने ताई तिला रोज वाचून दाखवायच्या. देवाधर्माचं काही ऐकायला ती तयार नव्हती. भुतांचंच वाच म्हणायची. ही दोन बहिणींची गोष्ट तर तीनदा वाचून घेतली.

"तिसऱ्या वेळी म्हणाली, मी आले तर घाबरशील का गं? मी म्हटलं, घाबरते कशाला, सरकून झोपेन." ताईंचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आणि या लोकांनी मांत्रिक आणून तिला हाकलून दिलं."

मी प्रूफ उचललं आणि जाऊन दुरुस्त केलं.

त्याच सुमारास वाशीच्या एका सभागृहात रविवारी सकाळी त्या लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम आहे असं कळलं. ताईंनी मला विचारलं, "येशील का? एकटीनं बोलायला जमणार नाही मला." मी गेलो. त्या पहिल्यांदाच स्वेटरशिवाय दिसल्या. मांडीवर त्यांची प्रत होती, कथेच्या शेवटच्या पानात बोट घातलेलं.

लेखक म्हातारे, किरकोळ अंगाचे, बँकेतून निवृत्त झाल्यासारखे दिसत होते. शेवटी प्रश्न सुरू झाले. माइक आमच्या रांगेत आला तेव्हा ताई उभ्या राहिल्या. "मुळात तो मांत्रिक नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना शेवट बदलू का दिलात?"

लेखकांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का बाई? मांत्रिक माझाच आहे. मी लिहिली तेव्हा कथेत तो होता, लिंबंसुद्धा होती. दिवाळी अंकाला पाठवली होती. संपादकांना जागा कमी पडली. त्यांनी शेवटचं दीड पान उडवलं आणि मला न विचारता छापून टाकली. मी भांडायला जाणार होतो, तेवढ्यात लोकांची कौतुकाची पत्रं यायला लागली. मग गप्प बसलो. सिनेमावाल्यांना मूळ हस्तलिखित पाहिजे होतं, ते दिलं."

सभागृहात हशा पिकला. लेखकही हसले. ताई तशाच उभ्या होत्या. स्वयंसेवकानं त्यांच्या हातातून माइक घेतला तेव्हा त्या बसल्या.

मला वाटलं, संपलं. पंचवीस-तीस वर्षं ज्या माणसानं मूळ प्रतीवर नख ठेवून नोकरी केली, त्या माणसाला मूळ प्रतीनंच खोटं पाडलं होतं. बाहेर आल्यावर आम्ही लिंबू सोडा घ्यायला थांबलो. त्यांनी अर्धा ग्लास प्यायला.

"म्हणजे जागा कमी पडली म्हणून," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"त्या संपादकाचं नाव विचारायला हवं होतं रे." रस्त्याकडे बघत त्या थोड्या हसल्या. "बिचाऱ्यानं दीड पान उडवलं आणि माझे दोन महिने निभावले. आभार तरी मानले असते. असेल का जिवंत?"

मी म्हटलं, शोधू या. आम्ही शोध घेतलाही. तो अंक कधीच बंद पडला होता, संपादकांचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. लेखकांना पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही.

पण त्यानंतर जेवणाच्या सुट्टीतली भांडणं पुन्हा सुरू झाली, आणि ती जरा बदलली. मशीनमन एखाद्या प्रसंगाची बाजू घ्यायला लागला की ताई त्याचं पुरतं ऐकून घ्यायच्या. कधीकधी "बरं, असू दे" असंही म्हणायच्या. मशीनमनला याची सवय व्हायला वेळ लागला. तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "ताईंची तब्बेत बरी हाय ना?" औषधांच्या प्रूफांना मात्र ही सवलत नव्हती.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. वर्षभर नेरूळलाच राहिल्या आणि मग चिपळूणला चुलत भाच्याकडे गेल्या. आता त्यांच्या टेबलावर तपासणीचा कॅमेरा आहे. तो चुकीवर लाल चौकोन काढतो, कुणाच्या आईबद्दल बोलत नाही.

त्या चिपळूणला जायच्या आधी ऑफिसातल्या काही कागदांवर त्यांच्या सह्या घ्यायला मी नेरूळला गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. बेल वाजवणार, तोच त्यांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. बहिणीच्या पलंगावर एक मुलगी डोक्यावरून चादर घेऊन गाढ झोपली होती.

"नर्स आहे, नांदेडकडची," ताई कुजबुजल्या. "सहा महिने झाले, इथेच राहते. रात्रपाळी करून आलीय. पलंग नुसता पडून होता आणि मी दर आठवड्याला चादर बदलत बसले होते."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकवली असती तर आवाज झाला असता. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्याच चहा प्यायलो. कागदांवर सह्या झाल्या. त्यांनी कप नळाखाली धरला, पाण्याची धार अगदी बारीक ठेवली, आणि मान वळवून मुलीची झोप मोडली नाही ना हे पाहिलं.