मुशी धरणारे मुरुमचे अण्णा

व्यंकटअण्णा कुठल्याही नव्या पाण्याची आधी चव घ्यायचे. एसटीचा ड्रायव्हर माणूस. गाडी थांबली की खाली उतरायचे, नदी असो की हापसा, दोन बोटं ओली करून जिभेला लावायचे आणि मगच तोंडावर पाणी मारायचे. कोकणातल्या एका डेपोत आमची जोडी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी शेवटच्या थांब्यावर, खाडीच्या धक्क्यावर त्यांनी तेच केलं आणि पचकन थुंकले. "ताई, ह्याला नदी म्हणत्यात? निस्ता मिठाचा डबा की ओ!" थोड्या वेळानं भरती लागली आणि पाणी डोंगराच्या दिशेनं चढायला लागलं, तेव्हा तर ते कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. "आता हिला रिव्हर्स कुणी शिकवला?"

त्यांना नवल वाटणं साहजिक होतं. ते उमरगा तालुक्यातल्या मुरुमचे. गावच्या नदीत पावसाळा सरला की पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसायची. मी अणदूरची, कंडक्टर. नोकरी मिळाली ती घरापासून इतकी लांब, की लेकीला आईजवळ ठेवून यावं लागलं. डेपोत माझ्या तोंडून "कुठं" आणि "इथं" ऐकून हा उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस वळला होता. "धाराशिवकडच्या दिसता. मग आधी चहा घ्या, ड्युटी काय पळून जाती का?" वयानं एवढे मोठे असून मला कायम 'तुम्ही' म्हणायचे.

गाडी ते फार हळुवार चालवायचे. घाटात मागचा कुणी हॉर्न वाजवायला लागला की म्हणायचे, "जाऊ द्या त्याला. गाडी पळवायची नसती, न्यायची असती." एखादा प्रवासी विनाकारण भांडला तरी हे समोरचा रस्ता बघत राहायचे. फक्त जबड्याचं हाड हलताना दिसायचं.

दुपारी आमची गाडी त्या धक्क्यावर बराच वेळ उभी असायची. मोबाइलला रेंज नाही, हॉटेल नाही. मी डबा खाऊन सीटवर पाय लांब करायची. अण्णा धक्क्यावर सदूभाऊंजवळ जाऊन बसायचे. सदूभाऊ त्या खाडीतले जुने मासेमार. एकदा त्यांनी अण्णांच्या डोळ्यांदेखत मुशी ओढून काढली. मुशी म्हणजे शार्कच. लहान मासळीच्या मागे लागून भरतीबरोबर आत शिरते. हातभर लांब, राखाडी, अंग घासकागदासारखं खरखरीत. धक्क्यावर पडल्यावरही ती शेपटीनं अशी फटकारत होती की अण्णा दोन पावलं मागे सरले, आणि मग चार पावलं पुढे गेले.

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. नायलॉनच्या दोरीचा जाड तंगूस, मोठा गळ, वजनाला वर्कशॉपमधला टाकून दिलेला नट. मुशीचे दात तंगूस कापतात म्हणून गळाच्या वर सायकलच्या ब्रेकची तार. स्वतः मासा खायचे नाहीत, वासानंच त्यांना मळमळायचं. जे मिळेल ते सदूभाऊंच्या घरी द्यायचे. मी एकदा विचारलं, "खात नाही, विकत नाही, मग कशाला हा उद्योग?"

"दिसभर मागं चाळीस माणसं बसल्याली असत्यात ताई. राग आला तरी गिळायचा, झोप आली तरी गिळायची. हितं एकटा म्या आन् एकटं ते. किती बी जोर लावला तरी कुणाचं डोस्कं फुटत न्हाय."

जोर लावायची त्यांची एक पद्धत होती. तंगूस डाव्या तळहाताला दोन वेढे देऊन धरायचे. सदूभाऊ ओरडायचे, "ओ डायवर, हाताला गुंडाळू नका!" अण्णा हसून मान हलवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे.

अमावस्येच्या आसपासचे दिवस होते. मोठं उधाण, त्यामुळे ओहोटीही तेवढीच खोल. खाडीचं पाणी पार मधल्या धारेत गेलेलं आणि धक्क्यापासून धारेपर्यंत नुसता काळा, चकचकीत गाळ. सदूभाऊ जेवायला घरी गेले होते. अण्णांनी धक्क्याच्या टोकावरून धारेत गळ फेकला आणि थोड्या वेळानं त्यांचा हात एकदम ताणला गेला. मुशी मोठी होती. ती आडवी पळाली आणि गाळात रोवलेल्या एका जुन्या खुंटाला तंगूस अडकला. अण्णांनी ओढून पाहिलं, हिसडा देऊन पाहिला. मग पँट वर करून सरळ पायऱ्या उतरले आणि गाळात शिरले.

मी गाडीच्या दारात उभी होते. खुंटापर्यंत ते पोचले, तंगूस सोडवलाही. वळायला गेले तेव्हा त्यांचा पाय निघेना. दुसऱ्या पायावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत गेला.

"अण्णा, काय झालं?"

"काय न्हाय. गाडीत बसा."

आवाज अगदी रोजचा होता. पण त्यांच्या पलीकडे, धारेच्या कडेनं, गाळावर पाण्याची पातळ जीभ सरकत येताना मला दिसत होती. भरती लागली होती. आणि सुटलेल्या तंगुसाला आता खुंटाचा अडसर नव्हता. मुशी थेट त्यांच्या हाताला ओढत होती. प्रत्येक हिसड्याला ते पुढे झुकत होते आणि झुकले की आणखी रुतत होते. उजव्या हातानं डाव्या हाताचे वेढे सैल करायला बघत होते, पण वेढे मांसात बसले होते.

"अण्णा, हाका मारा कुणाला तरी!"

"तू गाडीत बस म्हणलं ना!"

त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस मला दूर पाठवतोय.

मी गाडीत धावले. त्या गाडीचा हॉर्न किल्लीशिवाय वाजायचा. मी त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि सगळं वजन टाकलं. गाव दुपारचं झोपलेलं. हॉर्न वाजत राहिला, कुणी दिसेना. पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. आता थांबून चालणार नव्हतं. मी सीटच्या गाद्या उपटायला सुरुवात केली. खाली प्लायवूड असलेल्या, रेक्झिनच्या लांब गाद्या. दोन बगलेत मारून पायऱ्या उतरले, एक गाळावर टाकली, तिच्यावर पालथी पडले, दुसरी पुढे ढकलली. मग मागची ओढून पुढे. गाद्या दबायच्या, पण वजन पेलायच्या. तोंडात, डोळ्यांत गाळ जात होता. मला पोहता येत नव्हतं, हे त्या वेळी आठवलंच नाही.

जवळ पोचले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला होतं. डावा हात पाण्याखाली ताणलेला, चेहरा राखेसारखा.

"खिशात अडकित्ता हाय," ते म्हणाले. "आधी दोरी तोड."

शर्टाच्या खिशातून अडकित्ता काढला. माझी बोटं घसरत होती. पाण्यात हात घालून तंगूस चाचपला, अडकित्त्याच्या पात्यात धरला, दाबला. नाही तुटला. पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी तटकन आवाज आला आणि अण्णा मागे, माझ्या अंगावर कलंडले. मुशी गेली.

तेवढ्यात धक्क्यावर आरडाओरडा झाला. हॉर्न ऐकून लोकांना वाटलं होतं की गाडी वेळेआधीच सुटते आहे. कुणी पिशवी घेऊन, कुणी अर्धवट साडी नेसून धावत आलं होतं. एक बाई "सुटली काय गाडी?" असं विचारता विचारता आमच्याकडे बघून किंचाळली. त्यांच्यामागून सदूभाऊ दोरखंड घेऊन पळत आले. "उभे ऱ्हाऊ नका डायवर! आडवे व्हा, गादीवर आडवे!" अण्णांनी छाती गादीवर टाकली. दोरखंड आला, मी तो त्यांच्या काखेतून घातला, आणि त्या पिशव्यावाल्या प्रवाशांनी रांगेनं उभं राहून ओढलं. पाय सुटायला किती वेळ लागला सांगता येत नाही. गाळानं सोडताना असा आवाज केला की बायकांनी तोंडाला पदर लावला.

अण्णा धक्क्याच्या पायरीवर बसून राहिले. डाव्या तळहातावर दोन खोल, लाल वळ. सदूभाऊंनी हळद आणून भरली आणि फडकं बांधलं. गाडी उशिरा सुटली. अण्णांनी ती चालवली, पण घाटाच्या पायथ्याशी बाजूला घेऊन उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"ताई," ते म्हणाले, "म्या हाक मारली न्हाय. मरायला लागलो व्हतो, तरी हाक मारली न्हाय. का मारली न्हाय, तेच कळंना मला."

डेपोत ओल्या गाद्यांवरून साहेब तापले. मी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "माझ्यापायी भिजल्या. ह्या बाईंनी माझा जीव वाचिवलाय, त्यांना काय बोलायचं काम न्हाय." गरम होऊन ते बोलले, असं मी तेवढंच एकदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा धक्क्यावर गेले. मला धास्तीच वाटली. पण तंगूस आता बोटांत सैल धरायचे. मोठी ओढ आली की सोडून द्यायचे, सरसर जाऊ द्यायचे. "आपण तिला धरलंय का तिनं आपल्याला, हे आधी बघायचं," असं सदूभाऊंना सांगायचे, जणू ते सदूभाऊंनीच त्यांना शिकवलं नव्हतं. वर्षभरानं त्यांची उमरग्याला बदली झाली. स्टँडवर निरोप देताना मला म्हणाले, "तुमची बी होईल. लेकीला सांगा, आई लई दांडगी हाय."

माझी बदली व्हायला आणखी काही वर्षं गेली. तुळजापूरला आल्यावर मुरुमला जायचं मनात होतं, आज जाऊ, उद्या जाऊ करता करता अण्णा गेल्याची बातमीच आली. दिवस झाल्यावर मी गेले. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणकाकूंनी, मला चहा दिला आणि समोर बसल्या. खाडीतली गोष्ट अण्णांनी घरात सांगितली नव्हती. तळहाताचे वण गाडीच्या कामात पडले, एवढंच काकूंना ठाऊक होतं. सांगावं की नाही, मला कळेना. मग सांगितली. सगळी सांगितली.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आधी ह्या माणसानं कधी कुणाला हाक मारल्याली म्या ऐकली न्हवती. ताप आला तरी गप, पोतं अंगावर पडलं तरी गप. तिकडनं आले आन् बारक्या बारक्या गोष्टीला हाका मारायला लागले. अगं हे धर, अगं जरा ये. मला वाटलं, म्हातारपण आलं."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"त्या दिशी पहाटं छातीत दुखाया लागलं, तवा बी हाक मारली. म्या चुलीपाशी व्हते. धावत आले, त्यांचा हात हातात घेतला. दवाखान्यात न्यायला गाडी येईस्तोवर ते गेले. पर हाक मारली म्हणून म्या जवळ व्हते, बाई. न्हाय तर माझी चूल पेटत ऱ्हायली असती आन् मला कळलं बी नसतं."