ताटातला शेवटचा घास

वैरागहून सोलापूरला हायस्कुलात शिकायला निघालो, तेव्हा निम्मं गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं होतं. मी विलायतेला चाललोय असं त्यांना वाटत होतं, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तसं ते फार खोटंही नव्हतं. ज्यांच्या अडतीवर वडील ज्वारी घालायचे, त्या लिंगायत कुटुंबात माझी राहायची सोय झाली होती. त्या घरात माणसं आपसात कानडी बोलायची, म्हैस कानडीत रेकायची, आणि मांजराला मराठीत हाकललं तर ते जागचं हलायचं नाही.

निघताना आईनं बजावलं होतं, "लोकाच्या घरात ताट चाटूनपुसून उठू नगंस. शेवटचा घास ठेवायचा. न्हाईतर म्हणतील, उपाशी ठिवूनच धाडलंय." वडील एवढंच म्हणाले, "तितं न्हाय जमलं तर परत यायचं आन् नांगर धरायचा." नांगराचं आणि माझं जन्माचं वाकडं होतं.

पहिल्या दिवशी अप्पांनी, म्हणजे घरधन्यांनी, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि आम्ही पानावर बसलो. अव्वांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, भाकरी वाढली. तिच्या सावलीत बैलजोडी आरामात बसली असती. मी ती शेंगाचटणीबरोबर फस्त केली आणि एक घास ठेवून ऐटीत उठलो. शेजारी अप्पांनी ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि पिऊन टाकलं. मला वाटलं, तहान लागली असेल. अव्वा मात्र माझ्या ताटाकडे बघत राहिल्या.

पुढच्या जेवणाला भाकरी जरा लहान आली. मी त्यातलाही घास ठेवला. मग ती आणखी लहान झाली. असं होता होता भाकरी कपाळावरच्या कुंकवाएवढी उरली, तरी मी तिच्यातून घास बाजूला काढतच होतो. संस्कार म्हणजे संस्कार. शाळेत वारा सुटला की मास्तर मला दप्तर मांडीवरून काढू देत नसत.

एका सकाळी आमच्या गावची बैलगाडी अडतीवर माल उतरवून परत निघाली. अप्पांनी मला बोलावलं. "वळकटी बांध बाबा. ह्याच गाडीनं जा."

"का अप्पा?"

"आमचं अन्न तुला गोड लागत न्हाय की. आमच्यात ताटातलं म्हंजे प्रसाद. कण टाकत न्हाईत, धुऊन पितात. तू रोज टाकतोस. हिनं किती कमी वाढलं तरी टाकतोस. उद्या आजारी पडलास तर वडलांना काय सांगू?"

अव्वा दाराशी पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या. मला समोर नांगर दिसला.

"अव्वा, मी उपाशी हाय," मी म्हणालो.

"मग टाकतोस कशाला रे?"

"आईनं सांगितलंय. आमच्याकडं ताट मोकळं झालं की हावरट म्हणत्यात."

अव्वा अप्पांकडे वळून कानडीत बराच वेळ बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण अप्पांचं तोंड बारीक होत गेलं एवढं दिसलं. मग त्या मला म्हणाल्या, "बस आधी."

बाहेरून गाडीवान म्हणाला, "चला की, बैलं जुपलीत."

"थांब, जेवतंय ते," अव्वांनी आतूनच सुनावलं.

किती भाकरी खाल्ल्या ते सांगत नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर तुम्ही मला जेवायला बोलावणार नाही. गाडीवानाच्या तीन विड्या ओढून झाल्या. शेवटी मी ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. अव्वांनी ताट उचलून उजेडात धरून पाहिलं आणि माझी वळकटी स्वतः आत नेऊन ठेवली.

"मग नेऊ कुणाला?" गाडीवानानं विचारलं.

"मिठाचं पोतं ने," अप्पा म्हणाले.

अव्वा ओट्यावर आल्या. "आन् त्याच्या आईला सांग, पोरगं लई वळणाचं हाय. फकस्त उपाशी मरायला लागलं होतं, म्हणून वळण बदललंय."

माझ्या जागेवर ऐसपैस बसून मिठाचं पोतं वैरागला गेलं.