बेटाला घातलेला बांध

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण हिवाळ्यात टेंभुर्णीहून स्कूटरवर उजनी धरणाच्या फुगवट्याकडे गेलं की धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटा दगडांवर आपटत असतात, आणि माझी समुद्राची हौस तेवढ्यावर भागते. कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी एक वापरलेला कॅमेरा घेतला तो या पाण्यासाठीच. उथळ जागी लांब लाल पायांवर शेकाटे उभे असतात, तुतवार चिखल टोचत पळत असतात. रविवारी सकाळी मी तिथल्या एका मासेमाराच्या होडीत बसून फोटो काढते. त्यांना मी मामा म्हणते. ते मला बाई म्हणतात, आणि एवढे फोटो काढून पाखरांची लग्नं जमवायची आहेत का, असं दर वेळी विचारतात.

काठाजवळ एक खडकाळ उंचवटा आहे. धरण भरलं की त्याचं बेट होतं. थंडी सरत आली होती तेव्हा त्या बेटावर कंठेरी चिखल्याची एक मादी मला पुन्हा पुन्हा एकाच जागी बसलेली दिसली. चिमणीहून जरा मोठा, वाळूच्या रंगाचा, गळ्यात काळा पट्टा असलेला पक्षी. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर तिच्या पोटाखाली खड्यांसारखी ठिपक्यांची अंडी होती. घरटं असं नाहीच. उघड्या खडीत घातलेली.

त्याच आठवड्यात धरणातून कालव्याला आवर्तन सोडलं.

आवर्तन सुटलं म्हणजे आमच्या घरात आनंद. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, शेत कालव्याच्या अगदी शेवटाला आहे, आणि पाणी तिथवर पोचेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नाही. ह्याच पाण्यावर ऊस आला आणि उसावर माझं शिक्षण झालं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सोलापुरात बहिणीच्या नळाला चार-पाच दिवसांनी जे पाणी येतं तेही इथलंच. तरीही तेव्हा मनात येत होतं की पिलं निघेपर्यंत पाणी थांबावं. हे मी कुणाला सांगणार आणि कोणत्या तोंडाने?

पाणी उतरायला लागलं. बेट आणि काठ यांच्यामधला पट्टा गुडघाभर राहिला. काठावर मामांची मासे वाळवायची जागा आहे, आणि तिथे कायम कुत्री असतात. पट्टा आटला की ती सरळ बेटावर जाणार, हे मामांनीच सांगितलं. कुत्री बांधून ठेवता येतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, माझी असती तर बांधली असती, ती माशांची आहेत.

अण्णांना फोनवर सहज बोलले. ते दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन एसटीने हजर. कालव्याला पाणी सुटलेलं असताना अण्णा शेत सोडून येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी काठावरून पट्टा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "लई सोपं हाय की. दोन्ही तोंडं बांधून टाकू. धरण उतरंना का, हितलं पानी हितंच ऱ्हाईल."

मला ते लगेच पटलं. मामांनाही पटलं. आम्ही तिघंही पाणी अडवणाऱ्या घरातली माणसं. पाणी जातंय म्हटल्यावर आम्हाला दुसरं काही सुचत नाही. काठापासून बेटापर्यंत, पट्ट्याच्या दोन्ही तोंडांना, आम्ही मातीचे दोन बांध घातले. अण्णा उसाच्या शेतात घालतात तसेच, दगड आत दाबून, माती पायाने तुडवून, वरून खोऱ्याने थोपटून. चिखलाने आमची तोंडंही ओळखू येत नव्हती. मामा म्हणाले, आता साखर कारखान्यात नोंद करून टाका, पाखरांचा ऊस पुढच्या साली तोडायला. अण्णा किती तरी दिवसांनी पोटभर हसले.

पाणी खरंच राहिलं. बाहेर धरण उतरत गेलं आणि आमच्या पट्ट्यात आभाळ दिसत राहिलं. अण्णा माझ्याकडेच मुक्कामाला राहिले. मी कॉलेजातून आले की ते आधी विचारायचे, पाखरू बसलंय का? मी येताना काठावरून काढलेला फोटो दाखवायची.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी आम्ही गेलो, तर बांधावर पंज्यांचे ठसे होते. काठापासून बेटापर्यंत, सरळ, एकापुढे एक.

बांधाच्या बाहेर धरण उतरून नुसता गाळ उघडा पडला होता. त्यात कुत्रं पोटापर्यंत रुततं, ते पाऊल टाकत नाही. पट्टा आटला असता तरी काही दिवस गाळानेच बेट राखलं असतं. कोरडी वाट आम्ही करून दिली होती, तुडवून, थोपटून.

खडीतली जागा रिकामी होती. टरफलाचा एक तुकडा होता. तो पिलू निघून फुटलेला की कुत्र्याच्या दातांनी, मला सांगता येईना. एवढ्यात मादी आमच्यासमोर आली आणि एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर घासत लंगडत पळायला लागली. शत्रूला पिलांपासून दूर न्यायला हे पक्षी असं सोंग करतात, हे मी वाचलं होतं. म्हणजे जवळपास एखादं पिलू असेल. किंवा तिला अजून कळलंच नसेल. शोधायला खडीत फिरावं तर पायाखाली यायची भीती, आणि उभं राहावं तर ती लंगडतच राहणार. आम्ही मागे फिरलो.

अण्णांनी खोरं घेतलं आणि बांध फोडला. मग दुसराही फोडला. साठलेलं पाणी गढूळ होऊन निघून जाताना ते बघत राहिले. स्वतःच्या हाताने त्यांनी बांध फोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात गावाकडून चुलत्यांचा फोन आला. पाणी शेताच्या तोंडाला आलंय, तासाभरात आपली पाळी, लवकर या. एरवी अण्णा उभ्या उभ्या निघाले असते. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि काठावर बसून पाय धुतले.

"येखादं तरी ऱ्हायलं असंल का गं?" त्यांनी विचारलं. "तू शिकलीयास. तुला कळंल."

मी म्हणाले, "मला नाही कळत, अण्णा."

मी स्कूटर सुरू केली, आणि खोरं आडवं धरून ते मागे बसले.