जेवणाच्या टेबलावरचा नियम

शाळेत पंचवीस वर्षं फ्रेंच शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळे फ्रेंच पद्धतीने मुस्यू म्हणत, बायकोचे भाऊसुद्धा. माणूस सरळ, वक्तशीर. नियम म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. भाषा वर्गात येत नाही, घरात राहिल्यानेच येते, असं ते म्हणत. म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून, बायकोला घेऊन ते फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात गेले आणि एका लहान गावात दुमजली घर घेऊन निवासी शाळा काढली. आपल्याकडचे आठ-आठ विद्यार्थी तीन महिन्यांसाठी येत. कुणी नर्स, कुणी आचारी, कुणी लग्न करून तिकडे स्थायिक व्हायला निघालेली मुलगी.

निघताना धाकट्या मेहुण्याने विचारलं होतं, "ताई, तुझं कसं व्हायचं तिथे? तुला स्वप्नंसुद्धा आपल्याच भाषेत पडतात."

"मला काय, पोळपाट-लाटणं सगळीकडे मुकंच असतं," ती म्हणाली होती.

शाळेचा नियम एकच. सकाळी सातपासून रात्रीची ताटं उचलली जाईपर्यंत घरात फ्रेंचखेरीज शब्द काढायचा नाही. चुकेल त्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला, आणि दुसरा कुणी चुकेपर्यंत तो उतरायचा नाही. विद्यार्थी आल्या दिवशी तिला काकू म्हणत, दुसऱ्या दिवशी सातनंतर मादाम. सुरुवातीचे दोन महिने बिल्ला काकूंच्याच गळ्यात होता. आठ जणांचा स्वयंपाक करताना तो कढईच्या कडेला लागे, म्हणून त्या तो पाठीवर टाकत. हळूहळू बिल्ला त्यांच्याकडे यायचा थांबला. मुस्यूंना वाटलं, आली हिला भाषा. काकूंनी घरात तोंड उघडणं बंद केलं होतं, एवढंच. बाजारहाट मात्र त्या एकट्याच करत, आणि रोज तासाभराचं काम दोन तासांनी आटोपून येत.

चौदाव्या महिन्यातल्या एका सोमवारी, सगळे जेवायला बसलेले असताना काकू डाव घेऊन वाढत होत्या. त्यांचा हात नर्सच्या ताटाबाहेर गेला आणि रस्सा टेबलावर सांडला. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या डाव्या डोळ्यासमोर काळं काहीतरी उतरतंय."

मुस्यूंनी मान वर केली नाही. तर्जनी तेवढी उचलली. नियम बायकोला माफ झाला असता तर उद्या आठही जणांना माफ करावा लागला असता.

काकूंनी शब्द शोधले. सापडले असते, पण नऊ माणसं वाट पाहत होती. त्यांनी फडकं आणून टेबल पुसलं आणि आत गेल्या. नर्सने नंतर हळूच कागदावर लिहून दिलं, 'डॉक्टरांना दाखवा'. काकूंनी कागद घडी करून डब्याखाली ठेवला. नवऱ्याने ऐकलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ताटं उचलल्यावर विचारील, असं त्यांना वाटलं. मुस्यूंना निबंध तपासायचे होते. त्या भरात ते विसरून गेले. मंगळवारी त्यांनी विचारलं नाही, बुधवारीही नाही. शुक्रवारी काकू दाराच्या चौकटीवर आदळल्या, तेव्हा त्यांना डाव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं.

शहरातल्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ तपासलं. मुस्यू दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होते. डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करता येईल, पण नजर परतायची आशा फारशी नाही. सुरुवातीलाच आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती.

"इतका उशीर का केला, विचारताहेत," मुस्यू म्हणाले.

"मी सांगितलं होतं की."

मुस्यू डॉक्टरांकडे वळले आणि निर्दोष फ्रेंचमध्ये म्हणाले, "तिच्या लक्षात आलं नाही."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांची फ्रेंच भाजीबाजारातली होती. मोडकी, पण समजणारी. "लक्षात आलं होतं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "सोमवारी. जेवताना. यांना सांगितलं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. त्यानंतर त्या काकूंशीच बोलल्या, सावकाश. उजव्या डोळ्यालाही धोका होता. चमक दिसली तर त्याच क्षणी यायचं. काकूंनी विचारलं, रात्री कुठल्या दारातून यायचं, कुणाला सांगायचं. उत्तरं त्यांनी स्वतः दोनदा म्हणून पाहिली.

बाहेर आल्यावर मुस्यू म्हणाले, "अगं, त्यांच्यासमोर मला काही सुचेना."

"राहू द्या."

"पण तू पुन्हा का नाही सांगितलंस? खोलीत तर सांगायचंस."

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

समोर इस्पितळाच्या पायऱ्या होत्या. काकूंनी कठडा धरला, पायाने पहिली पायरी चाचपली. मुस्यूंनी हात पुढे केला. ते त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते. काकूंना तो हात दिसला नाही. त्या एकेक पायरी उतरत खाली गेल्या.