नर्सबाईची जुनी सायकल
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की धाडच्या बाजारातलं सायकलचं दुकान आठवतं. हायस्कूल गावापासून लांब होतं. सायकलीवाचून माझं शिक्षण सातवीतच थांबणार होतं. मी नव्या, काळ्याभोर सायकलीवर हात ठेवला. बाबांनी मात्र बदली होऊन गेलेल्या नर्सबाईची जुनी, बिनदांड्याची लेडीज सायकल निवडली. माझे डोळे भरून आले. “नवी घेतली तं तुहे काका तिले रोज वावरात नेतीन, पोरी. हिच्यावर कोन मिशीवाला बसते?” बाबा म्हणाले. शाळेच्या पहिल्या सकाळी काकांनी हँडल धरलं, खाली पाहिलं, “हे तं बायकी हाय!” म्हणाले आणि पायीच वावरात गेले. माझा जीव भांड्यात पडला. बाबांना जाऊन महिना झाला. आज हे लिहिताना पहिल्यांदा हसू आलं.