वाणाचा आरसा

सगळ्या हसल्या. हॉलभर. हातातल्या तिळाच्या वड्या तशाच धरून हसल्या. त्या वड्या सकाळी मीच थापल्या होत्या.

बेव्हर्ली पार्कातल्या त्या घरी मी पोळ्या करायचे. मॅडम दादरहून राहायला आलेल्या, नोकरी बँकेत. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. "थांब गं, तूही सवाष्णच आहेस," म्हणाल्या. मी थांबले. स्वयंपाकघराच्या दाराशी, चटईवर. बाकीच्या सोफ्यावर.

त्या वर्षी मॅडमनी नवीन टूम काढली होती. आधी व्याख्यान, मग कुंकू. त्यांची नणंद बायकांची डॉक्टर. तिने शोकेसला बाईच्या शरीराचा तक्ता लावला. गर्भपिशवी, नळ्या, मूल कुठून येतं, सगळं रंगवलेलं. शेवटी म्हणाली, "मोकळेपणाने विचारा. इथे आपण सगळ्या बायकाच आहोत."

माझा त्यावर विश्वास बसला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन मुलं झाली, पण मला त्या गोष्टीत दुखण्यापलीकडे काही कळलंच नव्हतं. नवरा वाईट नाही. पण चिडला की म्हणायचा, "तू म्हणजे नुसतं लाकूड." ते मी खरं मानलं होतं. वाटायचं, देवाने माझ्यात काहीतरी घालायचंच राहून गेलंय. विचारणार कुणाला? रत्नागिरीला आईने शिकवलं ते एवढंच, न्हाताना खाली बघू नये.

म्हणून हात वर केला. "डॉक्टरबाई, बाईलाही सुख होतं म्हणतात. ते ह्या चित्रात कुठे आहे? मला कधी झालंच नाही."

मग ते हसू. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "बाई तो बड़ी शौकीन निकली!" डॉक्टरबाई तक्ता गुंडाळायला लागली. "दोन मुलं झालीत ना? मग सगळं नॉर्मल आहे तुझं. असले प्रश्न चांगल्या घरात विचारत नाहीत."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला कुंकू लावलं, पण डोळ्यांत बघितलं नाही. वाण हातात ठेवलं. घडीचा छोटा आरसा. दाराशी हळूच म्हणाल्या, "उद्यापासून साहेब ऑफिसला गेल्यावरच येत जा."

जिना उतरताना कळलं त्या काय म्हणाल्या ते. सुख माहीत नाही म्हणून मी विचारलं होतं. त्यांना मी त्यांच्या नवऱ्यावर टपलेली वाटले.

इंद्रलोक वसाहतीच्या मागे आमची चाळ. घरी येईपर्यंत रडले. वाटेत कुंकू पुसायला हात गेला, पण नवऱ्याच्या नावाचं, म्हणून तो मागे घेतला. चीड आली स्वतःचीच. सोफ्यावरच्या एकीनेही उत्तर दिलं नव्हतं. त्यांनाही ते माहीत नसेल, हे मला फार उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले नाही. नवऱ्याच्या मोबाइलवर मॅडमचे मिस्ड कॉल आले असतील, तो कामावर. मुलं शाळेत, सासूबाई देवळात. मी दाराला कडी घातली आणि वाणाचा आरसा उघडला. लाजेने कान तापले. घरात कुणी नाही आणि तरी लाज.

जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला पाहिलं. तक्त्यात नव्हतं ते सगळं होतं. वरच्या बाजूला, कातडीच्या घडीखाली, एक दाणा. बोट लागलं आणि अंगभर शिरशिरी गेली.

मी लाकूड नव्हते. कधीच नव्हते.

आनंद व्हायला हवा होता. मी भिंतीला टेकून आईसाठी रडले. तिने सहा बाळंतपणं काढली आणि न बघताच गेली. तिला कुणी आरसा दिला नाही. दिला असता तर तिने चुलीत घातला असता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढे भाईंदरला बायकांच्या एका शिबिरात नाव कळलं. शिश्निका. दिसतं ते फक्त टोक, बाकीची आत पसरलेली. मूल होण्यात तिचा हात नाही, लघवीशीही संबंध नाही. सुख हेच तिचं काम. म्हणूनच तक्त्यात जागा मिळाली नसेल.

पण ते नंतर. तिसऱ्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या वेळेला बेल वाजवली. साहेब पेपर वाचत होते. मॅडम दारातच आडव्या आल्या. "तुला सांगितलं होतं ना?"

"मी चोरी केलेली नाही. येईन तर माझ्या वेळेला येईन."

"आवाज खाली."

"नाही करणार. पोळ्या तुमच्या तुम्ही लाटा."

काम गेलं. नवऱ्याला सांगितलं, मी लाकूड नाही, तुला आणि मला दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. तो उठून बाहेर गेला. अजूनही तो विषय निघाला की त्याला चप्पल आठवते. आमच्यातलं ते अंतर मिटलेलं नाही. मिटेल असं खोटं मी सांगणार नाही.

परवा माझ्या घरी हळदीकुंकू आहे. चाळीतल्या बायका येतील. सासूबाई विधवा, म्हणून आजवर त्या दिवशी आतल्या खोलीत बसायच्या. यंदा त्याही बाहेर बसतील. मॅडमनाही बोलावणं धाडलंय. वाण म्हणून आरसे आणलेत. प्रत्येकीच्या हातात देईन आणि कुठे बघायचं, कशासाठी बघायचं, ते आवाज न उतरवता सांगेन. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. माझ्या घरातून एकही बाई प्रश्न तसाच घेऊन परत जाणार नाही.