डेलमार उबेनची अदलाबदल

मका निघून गेला की आमच्या बेनेडिक्ट गावाभोवतीची जमीन एकदम मोठी दिसायला लागते. उन्हाळाभर जी पिकाच्या भिंतीआड लपलेली असतात ती घरं, कोठारं, पाण्याची टाकी, सगळं उघडं पडतं. वारा उत्तरेला शिकागोकडून निघतो आणि दक्षिणेला सेंट लुईसकडे जातो. वाटेत त्याला अडवायला मर्ल हार्म्सचं बियाण्यांचं दुकान तेवढं आहे. म्हणून हिवाळ्यात गावातली शहाणी माणसं त्या दुकानात असतात.

दुकानाच्या मधोमध लाकडं जाळायची शेगडी. उत्तरेच्या भिंतीला एक लांब बाक, तो निळ्यांचा. म्हणजे शिकागोच्या बेसबॉल संघावर जीव टाकणाऱ्यांचा. समोर दक्षिणेच्या भिंतीला दुसरा बाक, तो सेंट लुईसच्या लालांचा. शेगडीला अगदी लागून एकच गादीची खुर्ची आहे. ती लालांनी कधीकाळी एका पैजेत जिंकलेली, आणि तिच्यावरून निळ्यांच्या पोटात अजून दुखतं. बेसबॉल बंद असतो त्या दिवसांत ह्या दोन बाकांवर जेवढा बेसबॉल खेळला जातो, तेवढा उन्हाळ्यात मैदानावरही होत नसेल.

निळ्यांच्या बाकावर दाराकडून पहिली जागा डेलमार उबेनची. माणूस उंच, कान मोठे, आवाज त्याहून मोठा. उमेदीची सगळी वर्षं त्याने रस्ते खात्याचा बर्फ सारायचा ट्रक चालवण्यात घालवली. पहाटेच्या अंधारात एकटाच ट्रकमध्ये बसून तो पुढच्या मोसमातले सामने मनातल्या मनात खेळायचा आणि सगळे जिंकायचा. त्याचा संघ किती वर्षं मार खातोय, ह्याचा त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. उन्हाळ्यात हरलेला डेलमार नाताळापर्यंत पुन्हा टवटवीत व्हायचा. त्याची बायको फर्न म्हणायची, "ह्याच्या अंगात रक्त कमी आणि आशा जास्त आहे. डॉक्टरांना सांगितलंय मी, पण औषध नाही म्हणतात."

यंदा तर त्याला आनंदाने गुदगुल्याच होत होत्या. निळ्यांनी टेक्सासहून टकर लोमॅक्स नावाचा पिचर आणला होता. असा चेंडू फेकायचा की समोरचा फलंदाज चेंडू गेल्यावर बॅट फिरवायचा. आणि लालांनी त्याच आठवड्यात आपला लाडका शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीतला राखणदार, नेल्सन अरोचा पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघाला देऊन टाकला होता. बदल्यात आली तीन पोरं, ज्यांची नावं कुणी ऐकली नव्हती. लालांच्या बाकावर सुतक पडलं. त्या बाकाची म्होरकी आर्लीन राडमाकर. ती पूर्वी गावच्या शाळेत स्वयंपाक करायची आणि तिच्यापुढे निम्मं गाव अजून ताट घेऊन उभं राहिल्यासारखं वागतं. अशी बाई दोन दिवस काही बोलली नाही.

"तीन पोरं!" तिसऱ्या दिवशी तिने तोंड उघडलं. "एकाला तर अजून मिसरूड फुटलं नाही. अरोचाच्या बदल्यात! माझी गाय विकून कुणी तीन ससे आणले असते तर मी त्याला घरात घेतलं नसतं."

"ससे वाढतात भराभर," डेलमार म्हणाला.

"तू गप्प बस रे लांबकान्या. तुला सशांचं कौतुक असणारच."

आता ह्या दुकानातली एक रीत सांगायला हवी. मोठे संघ हिवाळ्यात खेळाडूंची अदलाबदल करतात, तशी आमचे बाक माणसांची करतात. एका बाकाने आपला माणूस दुसऱ्याला द्यायचा. दिलेल्या माणसाने त्या दिवसापासून पुढचा मोसम संपेपर्यंत तिकडची टोपी घालायची, तिकडच्यांसाठी ओरडायचं, तिकडच्यांसाठी हळहळायचं. मर्ल दोन्ही बाजूंचा नाही, म्हणून तो पंच. दोन म्होरक्यांनी शेगडीवरून हात मिळवले की सौदा पक्का. ह्या रीतीत कुणी लबाडी केल्याचं ऐकिवात नाही. चर्चमध्ये डुलकी चालते आमच्याकडे, पण ह्या सौद्यात लबाडी चालत नाही.

जानेवारीत एका सकाळी डेलमार दाताच्या डॉक्टरकडून थेट दुकानात आला. अर्धा गाल बधिर होता. त्याच्या जागेवर मर्लचं मांजर झोपलं होतं, आणि निळ्यांचा म्होरक्या वेन्डेल क्राउजे शेगडीजवळच्या गादीच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. वेन्डेल आणि डेलमार बालपणापासूनचे. एकाच ओढ्यात बुडता बुडता वाचलेले.

"तू तिथे कसा?" डेलमारने विचारलं.

"सौदा झाला," वेन्डेल म्हणाला. "वसंत येईपर्यंत खुर्ची आमची. शिवाय आर्लीनच्या बीटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या."

"वा! आणि आपण काय दिलं?"

मर्लने घसा साफ केला. "तुला दिलं, डेलमार."

बधिर गालामुळे डेलमारचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. "मला? एका खुर्चीसाठी?"

"आणि लोणचं," आर्लीनने आठवण करून दिली. "आणि एक माणूसही देणार आहोत आम्ही. लालांच्या बाकावरचा कुणीही. मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वेन्डेलने नाव सांगायचं."

"म्हणजे मला कोणासाठी दिलं तेही ठरलेलं नाही?"

"ठरेल की," वेन्डेल म्हणाला. तो डेलमारकडे बघत राहिला, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखा. डेलमारने खुंटीवरचा आपला कॉफीचा मग काढला, खोली ओलांडली आणि लालांच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

घरी फर्न इतकी हसली की तिला कणकेचे हात टेबलावर टेकावे लागले. "अरे, कुणी घेतलं हेच नवल! इतकी वर्षं मी तुला फुकट सांभाळतेय."

"खुर्चीसाठी, फर्न. वेन्डेलने मला खुर्चीसाठी दिलं."

"त्याचे गुडघे दुखतात."

"माझं काय काय दुखतंय ते कुणी विचारलं का?"

मग मात्र ती हसायची थांबली. त्याला लाल टोपीचं वाईट वाटत नव्हतं. त्याला वाटत होतं, उद्या मी त्या बाकावर नसलो तर त्यांचं काहीच अडणार नाही का? नाव सांगायच्या दिवशी वेन्डेल कुणाचंही नाव घेऊ शकत होता. लालांच्या बाकावर आता डेलमारही होता. पण आर्लीनसारखी बाई समोर असताना डेलमारला परत मागेल कोण?

दुसऱ्या दिवशी तो लाल टोपी घालून निघाला. टोपी लहान होती. ती त्याच्या डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी बसली. वाटेत त्याने ठरवलं होतं की लालांना असं रडवीन, असं रडवीन, की आठवड्यात परत करतील. तो बसला आणि म्हणाला, "संपलात तुम्ही. अरोचा गेला, आता तुमच्याकडे आहे काय?"

लालांनी माना खाली घातल्या. आर्लीनने रुमाल काढला. डेलमारला ते बघवेना. आयुष्यभर त्याने हरणाऱ्या बाकावर बसून उभारी धरलेली, समोर कुणी खचलं की त्याची जीभ आपसूक सैल व्हायची.

"म्हणजे, तसं बघितलं तर," तो म्हणाला, "त्या तिघांतला एक डावखुरा आहे ना? मी वाचलंय त्याच्याबद्दल. म्हणे चेंडू मारतो तो कुंपणाबाहेर नाही, तालुक्याबाहेर जातो."

"खरं?" आर्लीनने रुमाल खाली केला.

"दुसरा पळतो असा की त्याची सावली मागे राहते. आणि तिसरा..." तिसऱ्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "तिसऱ्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. म्हणजे बघा, समोरच्या पिचरलाही नसणार!"

लालांचा बाक हसला. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा. डेलमारने घाबरून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता.

पुढचे आठवडे विचारू नका. लालांच्या बाकावर डोनटची खोकी यायला लागली. डेलमारने तीन पोरांचा अख्खा मोसम खेळून दाखवला. खराटा घेऊन बॅट फिरवली, बियाण्यांच्या पोत्यावर घसरत जाऊन होम प्लेट, म्हणजे धाव पुरी करायची जागा, गाठली, मर्लने "सुरक्षित!" म्हणून हात पसरले आणि एक पोतं फुटलं. पोतंभर मका जमिनीवर पसरला, तो वेचता वेचता सगळे लाल हसून लोळले. आर्लीन म्हणाली, "इतकी वर्षं ह्या माणसाला तुम्ही तिकडे ठेवलंत कसं रे? एकट्यांनीच मजा लुटलीत?"

समोरच्या भिंतीला मात्र हवा गार होती. वेन्डेल उबदार खुर्चीत बसायचा आणि शेगडीकडे बघायचा. त्याचा स्वभावच काळजीचा. वर्तमानपत्रात आलं की लोमॅक्सचं कोपर जरा धरलंय. ते वाचल्यापासून त्याला चैन नव्हतं. अशा वेळी डेलमार काहीतरी बोलायचा आणि सगळे ठीक व्हायचे. आता त्याच्या जागेवर मांजर होतं.

एका सकाळी त्याला राहवलं नाही. "डेलमार," तो हळूच म्हणाला, "लोमॅक्सच्या कोपराचं काय वाटतं तुला?"

"ए!" आर्लीन उठून उभी राहिली. "आमच्या माणसाला तुमच्या पिचरबद्दल विचारायचं नाही! मर्ल, बघ हा फितवतोय!"

"नियम आहे, वेन्डेल," मर्ल म्हणाला.

"मी कोपराची चौकशी केली फक्त."

"कुणाच्या कोपराची ते सगळ्यांनी ऐकलं!"

डेलमारच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्याने ते कॉफीबरोबर गिळलं. गिळताना आत कुठेतरी त्याला फार बरं वाटलं, आणि तेवढंच वाईटही.

मार्चअखेरीस ओढ्याचं बर्फ फुटलं, माती काळी आणि ओली दिसायला लागली, आणि नाव सांगायचा दिवस आला. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. आर्लीन इस्त्रीचा ब्लाउज घालून आली होती. आपलंच नाव येणार ह्याची तिला खात्री होती, आणि निरोप कसा रडत रडत घ्यायचा हेही तिने ठरवलं असावं. डेलमार बाकाच्या टोकाला बसून आपल्या बुटांकडे बघत होता.

वेन्डेल खुर्चीतून कण्हत उठला. "आम्हाला डेलमार उबेन हवा," तो म्हणाला.

लालांच्या बाकावर भडका उडाला.

"डेलमारच्या बदल्यात डेलमार? ही कसली अदलाबदल!"

"लालांच्या बाकावरचा कुणीही, असं ठरलंय. तो आहे लालांच्या बाकावर!"

"मर्ल!"

मर्लने डोकं खाजवलं. "बसलाय तर तिथेच. कायद्याने तो लालांचाच माणूस. मागता येतो."

"नाही देणार!" आर्लीन गरजली. "दोन माणसं घ्या. वर बरण्या घ्या."

"डेलमार."

"खुर्ची कायमची ठेवा!"

लालांच्या बाकावरून कुणीतरी "आर्लीन, खुर्ची नको!" म्हणून ओरडलं. वेन्डेलने मान हलवली. "डेलमार."

आर्लीनने खोल श्वास घेतला. "मग मला घ्या," ती म्हणाली. "त्याला राहू द्या इथे. मी निळी टोपी घालते."

ह्या बाईच्या बापाला लाल टोपीनिशी पुरलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेलमारचे मोठे कान लालबुंद झाले, टोपीहून लाल. त्याला एकाच वेळी उठून पळावंसं वाटत होतं आणि हे दिवसभर असंच चालू राहावंसं वाटत होतं.

"डेलमारला विचारा ना," मर्ल म्हणाला. "दहा वर्षांहून जुना माणूस आहे. जुन्या माणसाला नकाराचा हक्क असतो, मोठ्या संघांत असतो तसाच. त्याने नाही म्हटलं तर सौदा रद्द."

डेलमारने मान वर केली. "हा हक्क मला जानेवारीतही होता?"

"होताच की."

त्याने वेन्डेलकडे पाहिलं. वेन्डेलचा चेहरा पडला होता. "मी वाट बघत होतो ना रे," वेन्डेल म्हणाला. "मला वाटलं, तू उठशील, आरडाओरडा करशील, मला चार शिव्या देशील, मर्ल सौदा मोडेल आणि आपण सगळे हसू. गंमत होती ती. पण तू कॉफीचा मग उचललास आणि चालायला लागलास. मग मी काय करणार? हात मिळवले होते."

"माझा गाल बधिर होता, वेन्डेल! आणि मला वाटलं, तुला मी नकोच आहे."

"हिवाळाभर मी त्या मांजराशी बोलतोय, डेलमार. ते एकदाही म्हणालं नाही की यंदा आपण जिंकू."

कुणी आधी हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक आर्लीन, आणि तिच्या हसण्याला तोंड फुटलं की भिंतीवरची फावडी वाजतात. लाल हसले, निळे हसले, मर्लने डोळे पुसले.

"बोल मग," मर्ल म्हणाला. "जातोस की राहतोस?"

"थांबा जरा," डेलमार म्हणाला. "कॉफी राहिलीय." आणि तो कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून, घोट घोट घेत पिऊ लागला. दोन्ही बाक श्वास रोखून बघत राहिले. आयुष्यात कुठली कॉफी त्याला इतकी गोड लागली नव्हती, आणि तिच्यात साखर नव्हती. रिकाम्या मगाच्या तळाशीही त्याने एकदा डोकावून पाहिलं.

मग तो उठला. लाल टोपी काढून त्याने आर्लीनच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि त्याच्या गालाचा मुका घेतला, जानेवारीत बधिर झालेल्या त्याच गालाचा, आणि ह्या वेळी त्याला तो चांगला जाणवला. तो खोली ओलांडून गेला. मांजराला उचलून त्याने खिडकीत ठेवलं. वेन्डेल खुर्ची सोडून आधीच बाकावर येऊन बसला होता, अगदी शेजारी, डेलमारच्या जागेत गुडघे पसरून.

"कोपराचं म्हणत होतास ना?" डेलमार म्हणाला. "सांगतो. सगळं सांगतो. आधी सरक."